पावसाळी कोकणात गाडीसाठी लाकडी, कौलारू शेड कशी बांधावी

दापोलीजवळच्या आमच्या घरासमोर गाडीसाठी बांधलेल्या पहिल्या लाकडी शेडचा एक खांब पाचव्या वर्षी मी सहज स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. जमिनीपासून चार बोटे उंचीवर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर ओल्या तपकिरी भुश्यासारखे लाकूड आले. वरचा खांब मात्र ठणठणीत होता आणि छपरावरचे एकही कौल जागचे हलले नव्हते. चूक आमचीच होती. मजबुती यावी म्हणून आम्ही खांब दीड दीड फूट काँक्रीटमध्ये गाडले होते. त्या काँक्रीटचा खांबाभोवती एक पेला तयार झाला, खांबावरून ओघळणारे पाणी त्यात उतरत राहिले आणि जून ते नोव्हेंबर खांबाचा तळ त्या पाण्यात उभा राहिला. दुसऱ्या वेळी आलेल्या वयस्क सुतारकाकांनी तो खांब पाहून एवढेच विचारले, "वाड्याचा खांब कधी मातीत पुरलेला बघितलात का?"

बघितला नव्हता. जुन्या वाड्यांतले आणि कोकणी घरांच्या पडवीतले लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात. लाकूड भिजल्याने कुजत नाही, ते ओले राहिल्याने कुजते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांवर टिकून राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीला आयते घर मिळते. सरीने भिजलेला वासा दोन दिवसांच्या उघडिपीत वाळला तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्यामुळे या लेखातल्या प्रत्येक मापाच्या आणि प्रत्येक सांध्याच्या मागे एकच प्रश्न आहे : इथे आलेले पाणी जाणार कुठून, आणि इथे वारा लागणार का?

पर्गोला की शेड?

वरून उघड्या, नुसत्या पट्ट्यांच्या पर्गोलाची चित्रे पाहून अनेकांना तोच गाडीसाठी हवा असतो. पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा देशावरच्या भागात अंगणात बसण्यासाठी पर्गोला शोभतो, पण त्याची सावली लोक समजतात तेवढी पडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आपण पाहतो तो याच दिवसांत. उभ्या धरलेल्या पट्ट्यांमधून त्या वेळी ऊन सरळ खाली उतरते आणि नेमक्या सर्वांत कडक उन्हाच्या वेळी पर्गोला आपले काम करत नाही. पट्ट्या तिरप्या बसवल्या किंवा वर मधुमालतीसारखा दाट वेल चढवला तरच सावली मिळते, आणि वेलाखाली लाकूड कायम दमट राहते. कोकणात तर हा विषय इथेच संपतो. गाडीला पावसापासून वाचवायचे असेल तर छप्परच हवे, म्हणून यापुढचे सारे विवेचन दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतार असलेल्या कौलारू शेडचे आहे.

जागा आणि माप

जागा ठरवताना आधी वर पाहावे. माडाखाली शेड बांधू नये, कारण वरून पडणारा नारळ कौल फोडून थेट गाडीच्या टपावर येतो. झावळीचे वजनही कमी नसते. फणसाखाली तीच गत. आंब्याखाली कौले वाचतात, पण पानगळीने पन्हळी वारंवार तुंबतात. त्यानंतर वाऱ्याची दिशा पाहावी. कोकणात पावसाची झड नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येते, म्हणून शेडचे आढे, म्हणजे छपराचे दोन उतार जिथे भेटतात ते माथ्याचे लाकूड, शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावे. असे केले की पश्चिमेकडे छपराची लांब, खाली उतरलेली वळचण येते आणि त्रिकोणी उघडी तोंडे झडीच्या आडवी येत नाहीत. जागेमुळे हे शक्य नसेल तर पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यापुरती विणलेल्या झावळ्यांची झापे बांधण्यासाठी आडव्या काठ्यांची सोय सुरुवातीलाच करून ठेवावी.

माप गाडीवरून घ्यावे आणि आजच्या गाडीवरून घेऊ नये. चार मीटरच्या आतली छोटी गाडी असली तरी पुढची गाडी साडेचार मीटरची असू शकते. मी सुचवतो ते माप खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदीला ११ फूट आणि लांबीला १८ फूट असे आहे. लांबीत दर ९ फुटांवर एक, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन असे एकूण सहा खांब येतात आणि दोन खण तयार होतात. पाच इंची खांब वजा जाता आत साडेदहा फुटांहून थोडी अधिक मोकळी रुंदी मिळते. सहा फूट रुंदीची गाडी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांच्या वर जागा उरते आणि दार उघडून वयस्क माणूस अडचणीशिवाय उतरू शकतो. नऊ फूट रुंदीच्या शेडमध्ये मात्र अंग चोरून उतरण्याची गंमत रोज अनुभवावी लागते.

परवानग्या आणि लाकडाचे कागद

बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत लेखी विचारणा करावी. हद्दीपासून सोडायचे अंतर आणि समुद्राजवळच्या जागांना लागू असलेले किनारा नियमन या दोन गोष्टी विशेष करून विचाराव्यात. शेजाऱ्याच्या अंगणात आपली पागोळी पडणार असेल, तर कागदावर परवानगी असूनही वाद होतो.

लाकडाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. स्वतःच्या परड्यातले झाड असले म्हणून ते तोडण्यास आपण मोकळे असतो, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, जांभूळ ही झाडे येतात, आणि ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. तोडलेले लाकूड हलवण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो का, हेही आधीच विचारून घ्यावे. वखारीतून घेतलेल्या लाकडाची पावती जपून ठेवावी.

कोणते लाकूड आणि किती

साग सर्वोत्तम आहे आणि सर्वांत महागही आहे. त्यामुळे सागाचा हट्ट मी सगळीकडे धरत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत आढी, तुळया आणि वासे बहुधा ऐन किंवा किंजळीचे सापडतात. ही लाकडे जड आणि भक्कम आहेत, पण ऐन वाळताना फाटतो आणि वाळलेल्या ऐनात आधी भोक न पाडता खिळा ठोकला तर खिळा वाकतो किंवा लाकूड चिरते. फणसाचे लाकूड कामाला सुरेख असते. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते, म्हणून ते उघड्यावरच्या कामाला वापरू नये. कोणत्याही झाडाचा बाहेरचा फिकट थर कीड आणि वाळवी प्रथम खाते, त्यामुळे खांब आणि तुळया घेताना गाभ्याचेच लाकूड मागावे आणि कोपऱ्यांवर पांढरी कड दिसली तर तो नग बाजूला ठेवावा. लाकूड वद्य पक्षात, अमावास्येच्या आसपास तोडावे असे सुतार आजही सांगतात. त्याचा खरेखोटेपणा बाजूला ठेवून मी एवढेच म्हणेन की झाड कोणत्या तिथीला पडले यापेक्षा ते किती महिने वाळले हे महत्त्वाचे आहे.

पाडलेल्या जुन्या घरांचे लाकूड मिळाले तर ते सोडू नये. ते पुरते वाळलेले असते, त्याला जे फाटायचे वाकायचे असते ते झालेले असते. मात्र जुन्या खाचा कुठे येतात ते पाहूनच नग निवडावा. तुळईच्या मध्यभागी खालच्या अंगाला जुनी खाच असेल, तर ती तुळई दिसते तेवढी उरलेली नसते. गिरणीत चिरण्यापूर्वी जुने खिळे शोधून काढावेत, नाहीतर करवतीच्या पात्याचे पैसे आपल्याकडून घेतले जातात आणि ते योग्यच असते.

गोल ओंडका विकत घेतला तर त्याचा हिशेब समजून घ्यावा. वखारीत गोलाई इंचांत मोजतात, तिचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात, त्याला फुटांतल्या लांबीने गुणतात आणि १४४ ने भागतात. ३६ इंच गोलाईचा १० फुटी ओंडका या पद्धतीने ५.६ घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात ७.२ घनफुटांच्या आसपास लाकूड असते. ही फसवणूक नव्हे, साल आणि कडा वाया जातात याची ती रूढ वजावट आहे. पण चिरून घेतलेल्या मालाचा भाव आणि ओंडक्याचा भाव एकमेकांशी ताडताना हा फरक धरला नाही तर सगळा अंदाज चुकतो.

आपल्या शेडसाठी पुढील मापे पुरतात. खांब ५ बाय ५ इंच. खांबांच्या डोक्यावरून लांबीने जाणारे दोन पाट ४ बाय ६ इंच, उभे धरलेले. खांबांच्या प्रत्येक जोडीवर रुंदीने टाकायच्या तीन तुळया ४ बाय ८ इंच. तुळयांच्या मध्यावर आढ्याला उचलून धरणारे ४ बाय ४ चे छोटे उभे खांब. आढे ४ बाय ६. वासे २ बाय ४, दर १८ इंचांवर. वाशांवर आडव्या ठोकायच्या, कौले पेलणाऱ्या रिपा २ इंच रुंद आणि दीड इंच जाड. शिवाय तिरप्या टेकूंसाठी ३ बाय ३ चे तुकडे. छपराचे पाखे खांबांच्या बाहेर दोन्ही बाजूंना २ फूट आणि पुढे-मागे दीड फूट काढले, तर हे सारे लाकूड सुमारे ५३ घनफूट होते आणि कापाकापीची तूट धरून ६१-६२ घनफूट मागवावे लागते.

तुळया इतक्या जाड कशाला, असे वखारवाला हमखास विचारतो. आढे मधल्या तुळईच्या बरोबर मध्यावर बसते आणि मधल्या खांबजोडीवर आढ्यातून येणारा भार कौले, लाकूड आणि वर चढलेला माणूस धरून साडेचारशे किलोच्या पुढे जातो. इथे ४ बाय ६ ची तुळई मोडणार नाही, पण काही वर्षांत ती पोट काढते. तुळई वाकली की आढे खाली बसते, आणि आढे बसले की वासे आपली खालची टोके बाहेर ढकलू लागतात. खांब बाहेर कललेल्या बहुतेक शेडचे मूळ दुखणे खांबांत नसून आढ्याखालच्या बारीक तुळईत असते.

लाकूड आदल्या एप्रिलपर्यंत आणून ठेवावे. छपराखाली, जमिनीपासून दीड फूट उंच, प्रत्येक थरामध्ये रिपेचे तुकडे घालून रचावे आणि नगांच्या टोकांना रंग किंवा मेण फासावे, कारण पाणी टोकांकडून फार लवकर सुटते आणि लाकूड तिथूनच फाटते. वासे आणि रिपा वाळल्या का हे ओळखायची सोपी रीत म्हणजे एक फुटाचा तुकडा कापून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करणे. सलग तीन आठवडे वजन तेच राहिले की ते लाकूड आसपासच्या हवेशी जुळले. पाच इंची खांब मात्र एका वर्षात पुरता वाळत नाही, तो पुढे आकसणार हे धरूनच सांधे करावेत.

आखणी, पाया आणि तळखडा

डिसेंबरात पाया घ्यावा म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगाडा आणि एप्रिलअखेर कौले होतात. आखणीसाठी चार कोपऱ्यांच्या थोडे बाहेर खुंट्या मारून दोऱ्या ताणाव्यात. कोपऱ्यावर एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजून त्यांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट आले की काटकोन मिळतो. यावर समाधान न मानता संपूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ११ बाय १८ फुटांच्या चौकोनाचा कर्ण २१ फूट १ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा) भरला पाहिजे आणि दोन्ही कर्ण एकमेकांशी सुताभरात जुळले पाहिजेत. इथे राहिलेली एक इंचाची चूक कौलांच्या शेवटच्या ओळीत उघडी पडते आणि तेव्हा ती दुरुस्त करता येत नाही.

प्रत्येक खांबासाठी दोन फूट चौरस आणि अडीच ते तीन फूट खोल खड्डा घ्यावा. भरावाची माती लागली तर घट्ट थर लागेपर्यंत खाली जावे. तळाशी चार इंच साधे काँक्रीट, त्यावर गजांची जाळी, आणि तिच्यातून वर येणारा एक फूट चौरस स्तंभ जमिनीच्या अंतिम पातळीवर ९ इंचांपर्यंत उचलावा. जांभ्याचा कातळ वरच असेल तर खड्ड्याऐवजी कातळात भोके पाडून गज रासायनिक चिकट द्रव्याने बसवता येतात, मात्र त्यासाठी कातळ सलग असल्याची खात्री करावी, कारण जांभ्यात पोकळ्या असतात. काँक्रीटला निदान सात दिवस दोन्ही वेळा पाणी मारावे.

स्तंभाच्या डोक्याला चारही बाजूंनी किंचित उतार द्यावा आणि त्यात जाड पत्र्याचा, जस्तलेप केलेला खांबाचा बूट रोवावा. लाकडाच्या तळात आणि काँक्रीटमध्ये एक इंच मोकळी फट राहील अशी त्याची बैठक ठेवावी. या फटीतून हवा खेळते, पाणी थांबत नाही, आणि वाळवीला वर चढायचे तर उघड्यावर मातीची नळी बांधत यावे लागते, जी आपल्याला दिसते. बुटाचा लोखंडी लूक नको असेल तर घडीव दगडाचा तळखडा बसवून त्यात १६ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा गज उभा करावा आणि खांबाच्या तळात त्या मापाचे भोक घ्यावे. दिसायला हेच देखणे आहे. मात्र नुसत्या गजावर बसवलेला खांब वर उचलला जाऊ शकतो, म्हणून आडवा पिनबोल्ट त्यातून आरपार घालावाच.

वाऱ्याचा हिशेब

उघड्या शेडमध्ये वारा खाली शिरतो आणि छपराला वर ढकलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. आपल्या छपराची जमिनीवरची छाया सुमारे २९ चौरस मीटर आहे, म्हणजे वर ढकलणारा जोर दोन टनांच्या घरात जाऊ शकतो. कौले आणि लाकूड मिळून शेडचे वजन अडीच टनांच्या आसपास येते. हिशेब निसटता आहे, आणि कौलाऐवजी हलका पत्रा घातला तर तो पार उलटतो. वादळात पत्र्याच्या शेड खांबांसकट उडतात त्या यामुळे.

म्हणून छपरापासून पायापर्यंत एक सलग साखळी हवी. प्रत्येक वासा पाटाला लोखंडी पट्टीने बांधलेला असावा, पाट आणि तुळई खांबाला बोल्टने, खांब बुटाला दोन बोल्टने आणि बूट काँक्रीटच्या गजांना. सहा पायांचे वजन दोन टनांहून अधिक होते, ते या साखळीमुळेच छपराच्या कामी येते. या साखळीत एकही कडी नुसत्या खिळ्याची ठेवू नये.

सांधे आणि सांगाडा उभारणी

सगळे सांधे आधी जमिनीवर जुळवून पाहावेत आणि प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी. खांबाच्या डोक्यावर दीड इंच जाडीचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढावे आणि पाटाच्या खालच्या अंगाला त्याच्या मापाची खाच घ्यावी. तुळई पाटावर आडवी बसते, तिथे दोन्हींत मिळून इंचभरच खाच घ्यावी. अधिक खोल खाच घेतली तर तुळई जिथे पेलते तिथेच ती कमजोर होते. पाट एकसंध २१ फुटांचा मिळाला नाही तर त्याचा जोड मधल्या खांबाच्या डोक्यावरच यावा, खणाच्या मध्ये कधीही येऊ नये.

खाचा वर तोंड करून राहतील अशी रचना टाळावी, कारण अशी प्रत्येक खाच पावसाळ्यात वाटीसारखी भरते. उघड्यावर येणाऱ्या टोकांना खालच्या बाजूला तिरका काप द्यावा, म्हणजे पाणी टोकाशी न थांबता ठिबकून जाते. ऐन-किंजळीत साधे लोखंडी खिळे वापरले तर लाकडातल्या द्रव्यांमुळे भोवती काळे डाग पडतात आणि खिळाही झिजतो. जस्तलेपाचे, आणि खाऱ्या वाऱ्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यावेत, भोक बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठे पाडावे आणि दोन्ही बाजूंना रुंद चौकोनी वायसर घालावेत.

उभारणीला निदान चार माणसे आणि पक्की परांची हवी. आधी एका बाजूचे तीन खांब उभे करून ओळंब्यात आणावेत, तात्पुरत्या काठ्यांनी दोन्ही दिशांना टेकावेत आणि त्यांवर पाट चढवावा. मग दुसरी बाजू, मग तीन तुळया, आणि शेवटी उभे छोटे खांब व आढे. तिरपे टेकू बसवेपर्यंत तात्पुरत्या काठ्या काढू नयेत. खांब आणि पाट यांच्या काटकोनात बसणारे तीन फुटी टेकू हे शोभेचे नाहीत. ते नसतील तर सांगाड्याचा चौकोन पहिल्याच जोरदार वाऱ्यात तिरपा होतो, कारण लाकडी सांधा दाब पेलतो पण कोन धरून ठेवत नाही.

वाशांसाठी एक नमुना वासा आधी करावा. ३० अंशांच्या उतारासाठी निम्म्या रुंदीला, म्हणजे साडेपाच फुटांना, ३ फूट २ इंच चढ लागतो आणि बाहेर काढलेल्या दोन फुटांत वळचण १ फूट २ इंचांनी खाली येते. गाडीच्या टपावर सामान असले तरी डोके लागू नये म्हणून वळचणीखाली साडेसात फूट मोकळे राहतील अशी खांबांची उंची धरावी. वाशाला पाटावर बसण्यासाठी घेतलेली खाच सव्वा इंचापेक्षा खोल नको. हा नमुना दोन्ही पाख्यांवर, दोन्ही टोकांना ठेवून पाहावा आणि तो सगळीकडे बसला तरच उरलेले एकोणतीस वासे कापावेत.

कौले

मंगलोरी कौल उतार कमी असला तर पाणी अडवत नाही, ते मागे शिरते. ३० अंशांच्या खाली कोकणात जाऊ नये. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. आपल्या छपराला पाचशेच्या वर कौले लागतील, तूटफूट आणि राखीव धरून ५६० आणावीत, शिवाय आढ्यावर कोन्याची दोन डझन. पुढे वानरांनी पाच-दहा फोडली की त्याच साच्याचे कौल बाजारात मिळेनासे झालेले असते, म्हणून राखीव कौलांवर काटकसर करू नये.

रिपांमधले अंतर पुस्तकातून घेऊ नये, आणलेल्या कौलांवरून घ्यावे. दहा कौले एकात एक अडकवून जमिनीवर उभ्या ओळीत मांडावीत, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा दाबून लांबी मोजावी आणि दोन्हींच्या मधले माप धरून अंतर काढावे. ते बहुधा साडेबारा इंचांच्या आसपास येते. वळचणीची पहिली रीप कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवावी, कारण तिच्यावरच्या कौलाला खालून दुसऱ्या कौलाचा आधार नसतो. ही बारीक गोष्ट विसरली तर पहिली ओळ नाक खाली घालून बसते. कौले दोन्ही पाख्यांवर सारखी चढवत न्यावीत, म्हणजे सांगाड्यावर एका बाजूने भार येत नाही. वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांच्या कडेची कौले मागच्या खुंटीच्या भोकातून जस्ताच्या तारेने रिपेला बांधावीत, कारण वारा सुरुवात कडेपासून करतो.

पाणी कुठे जाते

कोकणात हंगामाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर आपल्या छपरावरून एका पावसाळ्यात सुमारे ८७,००० लिटर पाणी उतरते. पन्हळ लावायची नसेल तर पागोळ्या पडतात त्या रेषेत एक फूट रुंद खडीचा पट्टा करावा. उघड्या मातीवर पडलेली पागोळी चिखल उडवते आणि तोच चिखल खांबांच्या बुडाशी बसून आपण ठेवलेली इंचाची फट बुजवतो. आतल्या जमिनीला दहा फुटांना दोन इंच ढाळ द्यावा आणि तो घराच्या जोत्यापासून दूर जाणारा असावा.

लाकडाला काय लावावे

वापरलेले इंजिन ऑइल फासण्याची पद्धत गावोगावी आहे, ती सोडून द्यावी. ते जमिनीत आणि विहिरीत उतरते, कपड्यांना लागते आणि त्यावर पुढे कोणताही लेप धरत नाही. काजूच्या टरफलांचे तेल लाकूड आणि होड्या राखण्यासाठी किनाऱ्यावर पूर्वापार वापरले जाते आणि ते गुणकारी आहे, मात्र कच्चे तेल कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. छपराखाली कोरड्या राहणाऱ्या वाशांना आणि रिपांना बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून काढल्यास कीड लागत नाही. उघड्यावरच्या खांबांवर याचा उपयोग टिकत नाही, कारण पावसाने ते धुऊन जाते. सर्वांत शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पाण्यात बुडवून किंवा उन्हात सुटी पसरून वाळवूनच टाकावीत.

दरवर्षीची शाकारणी

मे महिन्याच्या मध्यात एक सकाळ शेडसाठी काढावी. कौलांवरचा पालापाचोळा झाडावा, सरकलेली कौले बसवावीत, फुटलेली बदलावीत. पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे बोल्ट पान्याने पुन्हा आवळावेत, कारण खांब आकसल्याने ते हमखास सैल पडलेले असतात. दुसऱ्या वर्षीही एकदा पाहावेत. मग खाली बसून प्रत्येक खांबाची फट टॉर्चने तपासावी, आत साचलेली माती आणि मुंग्यांची वारुळे पातळ पट्टीने काढावीत आणि स्तंभावर वाळवीची नळी दिसली तर ती नुसती पुसून न टाकता कुठून निघाली ते शोधावे.

खांबाचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहण्याची सवय मी ठेवली आहे. टोक आत जाऊ लागले तर संपूर्ण खांब बदलण्याची घाई नको. पाटाखाली जॅक आणि सागाचा ठोकळा लावून भार अर्धा इंच उचलावा, बुटाचे बोल्ट काढावेत, कुजलेला भाग आणि त्यावरचे फूटभर चांगले लाकूड कापून टाकावे आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने दोन बोल्ट घालून जोडावा. सांध्याची तिरपी कड खांबाच्या बाहेरच्या अंगाला खाली उतरती ठेवावी, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता बाहेर निघते.